घराचा परिपाठ
(शाळेंत जाणाऱ्या मुलांचे आईबाप व उपदेशक ह्यांच्याकरितां एक पाठ)

आपल्या गांवच्या प्राथमिक शाळेंत दिवसाचा आरंभ परिपाठानें होतो हें आपणांस ठाऊक आहे. मुलें ओळींत उभीं राहतात, राष्ट्रगीत होतें, प्रतिज्ञा होते, कोणी एक मूल सुविचार सांगतें. तेंच तें रोज होतें, म्हणूनच पहिलीतल्या मंद मुलालाहि तें दिवाळीपर्यंत तोंडपाठ होतें. घरीं मात्र उलट प्रकार दिसतो. खेडोपाडीं फिरतांना आम्ही पाहिलें आहे कीं, घरांत मुलांना ताकिदी पुष्कळ मिळतात, परिपाठ मात्र नसतो. आई खुरपें घेऊन शेताकडे निघतां निघतां सांगते, "विहिरीकडे जाऊं नको, रस्त्यानें नीट जा, कोणी कांहीं दिलें तर खाऊं नको." ह्यांत खोटें कांहींच नाहीं. परंतु आठ वर्षांच्या मुलाच्या मनांत ताकीद दुपारपर्यंतहि टिकत नाहीं. रोज जें घडतें तेंच टिकतें. म्हणून ह्या पाठांत आम्ही मुलांना काय सांगावें ह्याविषयीं थोडें आणि घरांत रोज काय घडावें ह्याविषयीं अधिक लिहीत आहों.

दिवस सकाळीं सुरू होतो असें आपण म्हणतों; पण मुलाचा दिवस आदल्या संध्याकाळींच ठरतो. ज्यांनीं उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचला आहे त्यांना दिवस संध्याकाळपासून मोजण्याची रीत अपरिचित वाटणार नाहीं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ९ ते १२ तास झोप पाहिजे, असें वैद्यकाचें मत आहे. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ च्या आधीं भरवूं नयेत असा आदेश काढला, त्याचें कारणहि हेंच कीं, मुलांची झोप पुरी होत नाहीं. सरकारनें झोपेचें सकाळचें टोक मोकळें केलें. रात्रीचें टोक मात्र आपल्याच हातीं आहे. आई सातला शेतांतून येते, आठला भाकरी होते, आणि बाप पारावरून येईपर्यंत मूल मोबाईल पाहत ताटकळत बसतें. बापाच्या ताटाचा मान राखावा हें आम्हांस मान्य आहे. परंतु पहिली भाकरी मुलाच्या ताटांत पडली म्हणून तो मान कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं. मूल आधीं जेवावें आणि नऊच्या आंत अंथरुणावर असावें.

आतां तें अंथरूण कोठें असतें तें पाहूं. ह्या गोष्टीवर आम्ही थोडें थांबणार आहों, कारण हिच्यांत जीव गुंतलेला आहे. माणसाचा प्राण घेणारे सांप आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. ह्यांपैकीं मण्यार रात्रीं हिंडते, घरांत शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करते. दंशाच्या जागीं बहुधा ना सूज, ना वेदना. खूणहि पुष्कळदां दिसत नाहीं. मूल झोपेंतच असतें. पुढें पोटांत दुखूं लागतें, ओकारी येते, मग पापण्या जड होऊन मिटूं लागतात, बोलणें अडखळतें, गिळतां येत नाहीं, आणि शेवटीं श्वास बंद पडतो.

आमच्या परिचयाच्या एका वस्तीवर पावसाळ्यांत असेंच घडलें. दुसरीतला मुलगा पहाटे पोट दुखतें म्हणून रडूं लागला. शाळेची कांहीं परीक्षा होती, तेव्हां घरच्यांना वाटलें, शाळा चुकविण्याचें हें सोंग आहे. आजीनें ओवा चावायला दिला. त्याच्या थोरल्या बहिणीला मात्र एक गोष्ट दिसली: तो तिच्याकडे बघायला मान मागें टाकीत होता, कारण पापण्या वर उचलत नव्हत्या. तिनें हें बापाला ओढून आणून दाखविलें. वस्तीवरून नुकतीच दुधाची गाडी निघत होती, तींत घालून मुलाला रुग्णालयांत नेलें. लस दिली, यंत्रानें श्वास दिला, आणि आठवड्यानें मुलगा चालत घरीं आला. त्या मुलीला कोणी शहाणी म्हटलें कीं नाहीं हें आम्हांस कळलें नाहीं. आम्ही मात्र तेव्हांपासून प्रत्येक घरीं सांगत असतों: पावसाळ्यांत पहाटे मुलाचें पोट दुखलें, तर सोंग म्हणण्यापूर्वीं त्याचे डोळे बघा.

म्हणून मुलाला खाटेवर निजवावें. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या चारी कडा अंथरुणाखालीं खोंचाव्या. मच्छरदाणीनें डांस अडतात तसे सांपहि अडतात. धान्याचीं पोतीं आणि जळण उशापासून लांब असावें, कारण तेथें उंदीर येतात आणि त्यांच्यामागें सांप. रात्रीं उठावें लागलें तर पाय टेकण्यापूर्वीं बॅटरी लावावी. इतकें करूनहि दंश झालाच, तर मुलाला चालवूं नये; दंश झालेल्या हातापायाला फळी बांधून तो हलूं न देतां उचलून न्यावें. दोरी आवळणें, जखम कापणें, चोखणें, कडुनिंबाचा पाला चावायला देऊन चव विचारणें, मांत्रिकाची वाट पाहणें, ह्या सर्वांत फक्त वेळ जातो. वर सांगितलेल्या चारी सांपांच्या विषावर चालणारी लस आहे आणि ती सरकारी रुग्णालयांत मिळते. १०८ ह्या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रांत ही सोय २०१४ पासून झालेली आहे. गाडी आधीं मिळाली तर रुग्णवाहिकेसाठीं थांबूंहि नये.

सकाळीं उठल्यावर चप्पल, बूट आणि खुंटीवरचा गणवेश झटकूनच घालावा. हें विंचवासाठीं. लाल विंचवाचा दंश मुलांना पूर्वीं फार घातक होत असे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं कोंकणांतील रोग्यांवर वर्षानुवर्षें काम करून प्राझोसिन नांवाचें साधें औषध ह्या विषावर उपयोगी पडतें हें दाखवून दिलें, आणि तेव्हांपासून असे रोगी पुष्कळ वांचूं लागले. दंशानंतर मुलाला दरदरून घाम आला, ओकाऱ्या झाल्या, हातपाय गार पडले, तर घरीं थांबूं नये.

सकाळच्या इतर गोष्टी आपणांस बहुधा ठाऊकच आहेत, म्हणून थोडक्यांत सांगतों. साबण शौचालयाच्या दाराशींच असावा. आंत माळ्यावर जपून ठेवलेला साबण मुलाच्या हातीं लागत नाहीं. पिण्याच्या पाण्यांत हात बुडूं नये म्हणून माठाजवळ दांडीचें ओगराळें टांगावें. मुलानें उपाशी पोटीं शाळेंत जाऊं नये. शाळेंत दुपारचा आहार मिळतो हें खरें, १९९५ पासून ती योजना चालू आहे. पण दुपार होईपर्यंत रिकाम्या पोटीं बसलेल्या मुलाला पाढे कसे यावेत? जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तें घोट घोट पाजीत राहावें. मीठ अंदाजानें घालूं नये, जास्त झाल्यास अपाय होतो. आशाताईंकडे जलसंजीवनीची पुडी मिळते ती अधिक चांगली. दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो.

आतां वाट. कायद्याप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावयाची. परंतु त्या एका किलोमीटरांत ओढा असतो, डांबरी रस्ता असतो, आणि हंगामांत उसाच्या ट्रॉल्या असतात. चालत्या ट्रॉलीमागें धांवून ऊस ओढणें हा आमच्या भागांतील मुलांचा जुना खेळ आहे. मोठीं माणसें तो पाहून हंसतात. कित्येकांनीं लहानपणीं तो केलेलाहि असतो. परंतु ट्रॅक्टरवाल्याला मागचें मूल दिसत नाहीं, आणि एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या तर मधल्या जागेंत घसरलेलें मूल पुन्हां उठत नाहीं. मुलाला ऊस पाहिजे असेल तर बापानें तो फडांतून आणून द्यावा. एवढ्यानें अर्धा मोह जातो. रस्त्यानें मुलांनीं उजव्या कडेनें, म्हणजे समोरून येणारी वाहनें दिसतील असें चालावें, आणि एकट्यानें न जातां वस्तीवरच्या सर्वांनीं मिळून जावें. मोटारसायकलवर नेतांना मुलाला पुढें टाकीवर बसवूं नये. चार वर्षांवरील मुलाला शिरस्त्राण पाहिजे असें कायदाहि सांगतो.

ओढ्याविषयीं एक रीत आम्ही सुचवितों. ज्या मुलांना ओढा ओलांडून जावें लागतें, त्यांच्या आईबापांनीं जून महिन्यांतच ओढ्यापलीकडचें एक घर ठरवून ठेवावें. "पाणी आलें तर शाळेंतून रखमा मावशीकडे जायचें आणि आम्ही येईपर्यंत तेथेंच राहायचें," असें पक्कें ठरलेलें असलें, म्हणजे मूल पाण्याकडे पाहत काठावर उभें राहत नाहीं. आईबापांनाहि मूल कोठें आहे तें शोधीत फिरावें लागत नाहीं.

आमच्या मतें दिवसाचा सर्वांत धोक्याचा वेळ म्हणजे शाळा सुटल्यापासून आईबाप शेतांतून येईपर्यंतचा. घर रिकामें, दप्तर ओट्यावर, आणि तीन चार तास कोणाचाच डोळा नाहीं. सुट्टीत तर सगळा दिवसच असा. जुन्या विहिरी होत्याच. त्यांत आतां शेततळीं आलीं. २०१६ पासून "मागेल त्याला शेततळें" ह्या सरकारी योजनेनें कोरडवाहू शेतकऱ्याचा मोठा फायदा झाला हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तें तळें विहिरीहून फसवें. उतार सौम्य दिसतो, मूल हात धुवायला खालीं जातें, आणि ओल्या कागदावरून एकदां घसरलें कीं, पोहतां येत असूनहि वर चढतां येत नाहीं. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेहि जातात. म्हणून तळ्याला कुंपण तर पाहिजेच. शिवाय चारी बाजूंनीं गांठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत आणि हवा भरलेली एक ट्यूब काठावर असावी. मुलांना हें शिकवावें कीं, कोणी पडलें तर पाण्यांत उतरायचें नाहीं. दोर, ट्यूब किंवा झांकण लावलेला रिकामा डबा फेकायचा आणि ओरडायचें. बाहेर काढलेल्या मुलाला उलटें टांगणें किंवा गरगर फिरविणें व्यर्थ आहे. श्वास नसेल तर तोंडानें श्वास देणें आणि छाती दाबणें लगेच सुरू करावें लागतें. हें वाचून येत नाहीं, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिकेला एका संध्याकाळीं बोलावून सर्वांनीं तें हातानें करून शिकावें.

त्या रिकाम्या घरांत आणखी एक गोष्ट असते. फवारणीचें उरलेलें औषध थंड पेयाच्या बाटलींत ओतून कोनाड्यांत ठेवण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. मूल बाटली ओळखतें, आंतलें औषध ओळखत नाहीं. औषध मूळच्या डब्यांतच, कुलुपांत असावें.

रिकाम्या घराविषयीं लिहितांना एक विषय टाळतां येत नाहीं, जरी तो बोलावयास अवघड वाटतो. मुलाला वाईट हेतूनें स्पर्श करणारा मनुष्य बहुधा अनोळखी नसतो. तो घरीं येणारा, खाऊ देणारा असतो. आईनें मुलाला स्नान घालतांना सांगावें कीं, झांकलेल्या अंगाला आईशिवाय कोणी हात लावूं नये, डॉक्टरानेंहि आईसमोरच लावावा. आणि कोणी लावला व "सांगूं नको" म्हणाला, तर तेंच पहिल्यानें सांगायचें. मग तो मनुष्य नात्यांतला असो, शिक्षक असो, किंवा मंडळींतला सन्मान्य गृहस्थ असो. मूल सांगेल तेव्हां त्याला मारूं नये व गप्प बसवूं नये. मुलांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ सालीं झाला, आणि त्याप्रमाणें असा गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाहि गुन्हा आहे. मंडळीच्या अब्रूसाठीं प्रकरण पंचांत मिटवावें असें जे म्हणतात, त्यांच्याशीं आमचें मुळींच जमणार नाहीं. १०९८ हा क्रमांक मुलांकरितांच आहे; तो १०८ बरोबर कोळशानें कां होईना, घराच्या भिंतीवर मुलाच्या उंचीला लिहून ठेवावा.

रात्रीं जेवतांना मुलाला एकच प्रश्न विचारावा: "आज काय काय झालें?" आणि उत्तर पुरें होईपर्यंत मधें बोलूं नये. मूल पहिल्या दिवशीं "कांहीं नाहीं" म्हणेल, दुसऱ्या दिवशींहि म्हणेल. आठवड्यानें तें ट्रॉलीची, तळ्याची आणि वाटेंत भेटलेल्या माणसाची गोष्ट आपण होऊन सांगूं लागेल.

उपदेशक बंधूंना आमची विनंती आहे कीं, ह्या महिन्यांतील घरभेटींत त्यांनीं हा पाठ वाचून दाखवावा आणि नंतर घरच्या माणसाबरोबर तीन ठिकाणीं स्वतः जाऊन पाहावें: मूल निजतें ती जागा, साबण ठेवण्याची जागा, आणि जवळची विहीर किंवा तळें. दोर नसेल तर त्याच दिवशीं बांधून घ्यावा. तो नवा नसला तरी चालेल. पण हातभर अंतरानें गांठी मारलेला आणि वरच्या टोकाला खांबाशीं घट्ट बांधलेला असावा, आणि उपदेशकानें तो स्वतः ओढून पाहावा.