बोटांची झीज आणि ऊन पाण्याची कुंडे



आमच्या पानावर नेहमी लागण, खोडवा, खते आणि हुमणी यांची माहिती येते. यावेळी विषय उसाचा नाही, ऊस सांभाळणाऱ्या हातांचा आहे. त्याला कारण घडले ते असे.

लागणीच्या नोंदी घेत असताना पारगावकडचे एक जुने सभासद गट ऑफिसात आले. नोंदीच्या फॉर्मवर सही करताना पेन बोटांत धरता येईना. "सायेब, बोटं मिटंनात बगा. सकाळच्या पारी तर चहाचा कप बी उचलत न्हाई." बोटांच्या शेवटच्या पेरांवर हरभऱ्याएवढ्या कडक गाठी आल्या होत्या. ऊसबिल हातात पडले की नवराबायकोने उनकेश्वरला जाऊन महिनाभर राहायचे, कुंडात अंघोळ करून बोटे मोकळी करून आणायची, असा त्यांचा बेत होता. मालकिणीचेही हात सुजलेले, म्हणून दोघांचीही वारी. खर्चासाठी थोडी उचल मिळेल का, हे विचारायला ते आले होते.

उचल देणे आमच्या हातात नाही. पण प्रश्न मनात राहिला. ऊन पाण्यात बुडवल्याने बोटांची झीज खरोखर बरी होते काय? आम्ही काही वैद्य नाही. डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून जे समजले ते येथे देत आहोत.

प्रथम रोग पाहू. सांध्यात दोन हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. वय, कष्ट, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता यांमुळे ते अस्तर झिजते व हाडाच्या कडेला नवी गाठ वाढते. यास ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात; आपण झिजेचा संधिवात म्हणू. हातात तो बहुधा बोटांच्या शेवटच्या व मधल्या पेरांत आणि अंगठ्याच्या बुडाशी होतो. शेवटच्या पेरावरील गाठींना विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांचे नाव आहे. त्यांचा ग्रंथ १८०२ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. खुरपणी, धारा काढणे, धुणे पिळणे हे सारे ज्यांच्या हातून होते, त्यांचीच बोटे आधी कुरकुरतात.

आता पाणी. महाराष्ट्रात ऊन पाण्याचे झरे पुष्कळ आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी गावाच्या नावातच 'ऊन' आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर, खानदेशात उनपदेव, पालीजवळ उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, राजापूरला उन्हाळे. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरीची कुंडे तर मुंबईच्या माणसांनी कायम भरलेली. कोकणात अशा झऱ्यांची जणू ओळच ठाण्या-पालघरपासून राजापूरपर्यंत गेली आहे. खाली ज्वालामुखी आहे अशी समजूत असते, ती खरी नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल जाते. जमिनीत दर किलोमीटर खोलीस साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते आणि येताना खडकातील क्षार घेऊन येते. कोकणातील झऱ्यांत मुख्यत्वे सोडियम व कॅल्शियमचे क्लोराइड असते. काही झऱ्यांना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाच्या वायूचा. या क्षारयुक्त पाण्यालाच मिनरल वॉटर म्हणतात. एस.टी. स्टँडवर बाटलीत विकतात ते वेगळे.

अशा पाण्याच्या शास्त्रशुद्ध चाचण्या युरोपात बऱ्याच झाल्या आहेत, त्यातही हंगेरी देशात, कारण तेथे गावोगाव ऊन पाण्याची स्नानगृहे आहेत. मेझोकोवेश्द नावाच्या गावी १९३९ साली तेलासाठी बोअर घेतला आणि लागले ऊन पाणी. (आपल्याकडे पाण्यासाठी बोअर घ्यावा आणि फुफाटा लागावा!) या गंधकयुक्त पाण्याची चाचणी हाताच्या झिजेच्या ४७ रुग्णांवर घेण्यात आली व ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना झऱ्याचे पाणी, काहींना तितकेच गरम केलेले नळाचे पाणी, असे तीन आठवडे दिले. झऱ्याच्या पाण्याने वेदना कमी झाल्या, हाताचे काम सुधारले आणि तो फायदा पुढेही काही काळ टिकला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचा अनुभव अगदीच खोटा नव्हता.

परंतु ४७ माणसे म्हणजे थोडीच. एका वाफ्यातला उतारा पाहून आम्ही कोणत्याही वाणाची शिफारस करीत नाही, तसेच हे. शिवाय वेदना कमी होणे वेगळे आणि झीज भरून येणे वेगळे. झिजलेली कूर्चा कोणत्याही कुंडात पुन्हा उगवत नाही, वाढलेली गाठ विरघळत नाही.

मग फायदा होतो तो कशाने? मोठा वाटा साध्या उबेचा. उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात, ताठर सांधा हलका होतो. गंधकाचा वायू कातडीतून थोडा आत जातो व त्याचाही काही गुण असावा, पण बाकीचे क्षार कातडीतून फारसे आत जात नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे विश्रांती. महिनाभर कोयता, खुरपे आणि म्हशीची धार यांपासून सुटलेला हात कुंडाविनाही थोडा सुधारेल.

यास्तव उचल काढून महिनाभर मुक्काम करण्याचे कारण आम्हास दिसत नाही. देवदर्शनास जावे, जरूर कुंडात उतरावे. औषध म्हणून मात्र ऊब घरच्या पातेल्यात मिळते.

येथे आमच्या धंद्यातला दाखला देतो. बेणेमळ्याच्या बेण्यास आपण ५४ अंश सेल्सिअसला १५० मिनिटे उष्ण बाष्प प्रक्रिया करतो. अंश कमी पडले तर रोग राहतो, जास्त झाले तर डोळा मरतो. हाताचेही तसेच आहे, फक्त आकडे वेगळे. पाणी ३६ ते ३८ अंश असावे, म्हणजे जवळजवळ आपल्या अंगाइतकेच ऊन. पुष्कळांना हे कोमट वाटते आणि ते आणखी कढत ओततात. त्यात गुण वाढत नाही, कातडी भाजते. ताप पाहण्याचा डिजिटल थर्मामीटर पाण्यात धरून पाहावा. काचेचा पाऱ्याचा मुळीच घालू नये, फुटेल. तोही नसेल तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीला आई जसे कोपर बुडवून पाहते तसे पाहावे. मनगट बुडेल एवढ्या खोल पातेल्यात १५ ते २० मिनिटे हात ठेवावेत, निवत आले की हात बाहेर काढून ऊन पाणी मिसळावे. मग हात पुसून लगेच, ऊब आहे तोवर, दहा वेळा हळू मूठ बांधावी-सोडावी आणि अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावावा. या व्यायामाला आम्ही पाण्याइतकेच महत्त्व देतो, कारण पाण्याची ऊब तासाभरात जाते. हे तीन आठवडे नेमाने केल्याशिवाय फरक पडला की नाही ते कळणार नाही.

पाण्यात मूठभर मीठ टाकले तर अपाय नाही, पण त्याने कुंडाचे पाणी तयार होत नाही. फवारणीचे गंधक मात्र कोणी टाकू नये. ते पाण्यात विरघळत नाही आणि कातडीला चुरचुरते. मोरचूद तर नाहीच नाही. आपल्या बोअरचे पाणी खारट, म्हणजे तेच औषधी, असेही काही मंडळी म्हणतात. खारट बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासावे, विद्युत वाहकता २.२५ च्या वर असेल तर उसासही देऊ नये, हाताच्या औषधाचे तर दूरच.

साखरेच्या (मधुमेहाच्या) रुग्णांनी विशेष जपावे. त्यांच्या हातापायांना बधिरपणा असतो, चटका कळत नाही, भाजलेले लवकर भरत नाही. पाणी दुसऱ्याने पाहून द्यावे. उसाच्या पाचटाने कापलेले, चिघळलेले हात भिजवत बसू नये. कुंडावर गेलात तरी हे ध्यानात असू द्या. उन्हवऱ्याचे पाणी उगमाशी ७० अंशांच्या आसपास असते. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

खुरप्याच्या आणि कोयत्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मूठ जाड करावी; जाड मूठ धरायला जोर कमी लागतो. धार अंगठा मुडपून काढू नये, पूर्ण मुठीने काढावी. त्याने अंगठ्याचे बूड वाचते आणि सडालाही इजा होत नाही.

त्या सभासदांना आम्ही एवढे सांगितले. त्यांचे हात पाहून झाल्यावर मालकिणीला काय होते ते विचारले. वय छत्तीस. पेरांवर गाठी नाहीत. सूज बोटांच्या बुडाशी आणि मनगटावर, दोन्ही हातांना सारखी, हात लावला तर गरम. सकाळी बोटे उघडायला दहा वाजतात. अंगात कणकण असते आणि जेवण जात नाही. आठ महिने झाले, तेल लावणे चालू आहे.

हा झिजेचा वात नव्हे. झिजेत सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात मोडतो. तासाहून अधिक राहतो, बोटांची बुडे आणि मनगटे सुजतात, बाई तरुण असते, तेव्हा आमवाताची शंका घ्यावी लागते. आमवात सांधा आतून खातो, पण तो थोपवणारी औषधे आहेत. ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर हात वाकडे होण्याचे बऱ्याच अंशी टळते. उशीर झाल्यावर वाकलेले बोट सरळ होत नाही. उनकेश्वरचा महिना तिच्या बाबतीत नुसता खर्चाचा नव्हता, तो हातचा गेला असता.

आम्ही त्यांना कुंडाचा बेत बाजूला ठेवून आधी धाराशिवला सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला सांगितले. "आदी ऊस जाऊ द्या, मग बगू," असे म्हणाले. तोडीची तारीख दीड महिना पुढे होती. तेव्हा दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले, आणि फॉर्मवर अंगठा उठवून नोंद पूर्ण केली.