व्याज कोणाच्या घरी जाते?



अंगुत्तर निकायातील इणसुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या दुःखाची साखळी सांगितली आहे : दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि शेवटी बंधन. भंडारा जिल्ह्यातील धानकऱ्याला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. रोवणीची मजुरी आषाढ-श्रावणात द्यावी लागते. धान हाती येते दिवाळीच्या सुमारास. मधल्या महिन्यांत जो पैसा देतो, तोच घरावर हुकूम चालवितो.

ही साखळी व्याजाच्या कडीपाशी तोडता येते. बचत गट त्यासाठीच आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे गट गावोगावी पोहोचले.

आता हिशेब पाहू. समजा, एका भगिनीने ३,००० रुपये घेतले आणि दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडले. सावकाराचा दर महिना शेकडा ५ धरला, तर सहा महिन्यांचे व्याज ५२५ रुपये होते. गटाचा दर शेकडा २ धरला, तर २१० रुपये. वाचले ३१५. परंतु खरा फरक याहून मोठा आहे. ते ५२५ रुपये सावकाराच्या घरी जातात; हे २१० गटाच्याच पेटीत राहतात आणि त्यांत तिचाही वाटा असतो.

येथे सावध राहिले पाहिजे. खाजगी कंपन्याही बायकांचे गट करून कर्ज देतात. तेथे व्याज बाहेर जाते आणि एकीचा हप्ता चुकला की तगादा साऱ्याजणींना. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कर्जास तारण मागता येत नाही आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरणे म्हणजे बंधनच होय.

गटाची पंचसूत्री अशी : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख हिशेब. यांतील पाचवे सूत्र ढिले पडले की उरलेली चार टिकत नाहीत. वही एकीनेच लिहावी, पण वाचता सर्वांना यावी. भूमिहीनाला गट जमीन देणार नाही, मजुरीही वाढविणार नाही. मात्र आजारपणात आणि रोवणीत हात पसरण्याची पाळी टाळील.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. आपल्या घरातून गेल्या वर्षी किती व्याज गेले? कोणाकडे?
२. कर्ज कोणाच्या नावावर होते आणि पैसा कोणी खर्च केला?
३. गटाची वही तुम्ही स्वतः शेवटची केव्हा वाचली?