शेअर घेतला तर जमीन जाते का?

प्रश्न : माझी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. गावातले काही जण शेतकरी उत्पादक कंपनी काढत आहेत. भाग घेतला की सातबारा कंपनीच्या नावावर होतो, असं ऐकलं. खरं का?
– एक शेतकरी, मोथा, ता. चिखलदरा

उत्तर : नाही भाऊ, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. तुम्ही फक्त शेअरचे पैसे भरता. कंपनी बुडाली तरी जबाबदारी तेवढ्यापुरतीच. खरा धोका वेगळा आहे. कंपनीच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करू नका.

दहा शेतकरी मिळून अशी कंपनी नोंदवता येते आणि शेअर कितीही असोत, शेतकरी सभासदाला मत एकच. कुटकी किंवा स्ट्रॉबेरी एकट्याने नेली तर व्यापारी म्हणेल तो भाव. वीस घरांचा माल प्रतवारी करून एकाच गाडीतून गेला, तर भाडं वाटलं जातं आणि भाव आपल्याला सांगता येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर जंगलातली सीताफळं ग्रामसभेमार्फत विकून दाखवली. मला ते उदाहरण फार मोलाचं वाटतं.

घाई मात्र नको. दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं यांचा खर्च माल विकला नाही तरी लागतोच. निव्वळ अनुदानासाठी काढलेली कंपनी तिथेच अडकते. आधी कृषी विभागाच्या ‘आत्मा’ यंत्रणेकडे शेतकरी गट नोंदवा, एक हंगाम बियाणं-खत एकत्र घेऊन बघा. पुढे शेअर घ्याल तेव्हा पैसे रोखीने देऊ नका, कंपनीच्या बँक खात्यातच भरा. पावती घ्या आणि वार्षिक सभेत हिशेब मागा.