घरात टीबी निघाला. बाकीच्यांच्या तपासणीला किती खर्च येतो?

घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला की दोन गोष्टी हमखास होतात. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढलं जातं, आणि नात्यातलं कुणीतरी सांगतं, "सगळ्यांचं टीबी गोल्ड करून घ्या." ताट वेगळं करून काही साधत नाही, जंतू खोकल्यातून हवेत जातात, भांड्यांतून नाही. टीबी गोल्ड ही रक्ताची चाचणी; त्या दुसऱ्या सल्ल्याने मात्र पाच माणसांच्या घरात आठ ते बारा हजारांना सहज कात्री लागते.

ती लावण्याची बहुतेक वेळा गरज नसते. रुग्णाच्या घरातल्यांची तपासणी आणि लागली तर प्रतिबंधक गोळ्या, दोन्ही सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय, शहरात पालिकेचा दवाखाना गाठायचा. रुग्ण खासगी डॉक्टरकडे असला तरी हा हक्क जात नाही. सरकारकडे नोंद करणं त्या डॉक्टरला बंधनकारक आहे; त्यांच्याकडून रुग्णाचा निक्षय क्रमांक मागून घ्या आणि सोबत न्या.

तिथे आधी विचारपूस होते: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. मग छातीचा एक्स-रे आणि शंका आली तर थुंकीची तपासणी. खरा प्रश्न आजार आत्ता आहे का, हा असतो. टीबी गोल्ड त्याचं उत्तर देत नाही. जंतूंचा शिरकाव झालाय एवढंच ते सांगतं आणि शिरकाव झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तर ही चाचणी लागतच नाही. आजार नाही हे ठरलं की थेट गोळ्या सुरू करतात. मोठ्यांचंही चाचणीवाचून अडत नाही.

खासगीत जायचंच असेल तर साधारण अंदाज असा, शहर आणि लॅबप्रमाणे कमी-जास्त होईल: एक्स-रे तीनशे ते सहाशे, मांटू चाचणी दीडशे ते चारशे, टीबी गोल्ड माणशी दोन ते तीन हजार. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर 2012 पासून देशात बंदी आहे. कुणी सुचवली तर दुसरा डॉक्टर शोधा.

मांटूत पैसे थोडे, पण खेटे दोन. हातावर टोचल्यावर 48 ते 72 तासांत ती वाचून घ्यावी लागते. रोजंदारीवरच्या माणसाचा आणखी एक खाडा होतो, आणि तो कोणत्याच बिलात दिसत नाही. गुरुवारी टोचलं की वाचायचा दिवस शनिवार-रविवारवर येतो. म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी टोचून घ्या. वाचणाऱ्याने पट्टी लावून कडक झालेला भाग मोजायला हवा. लाली मोजत नाहीत. नुसतं लाल दिसलं म्हणून 'पॉझिटिव्ह' लिहून दिलं तर पुन्हा बोटाने चाचपून मोजायला सांगा. मांटूत बीसीजीच्या लशीमुळेही गाठ येऊ शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही त्वचाचाचणी त्या बाबतीत उजवी. सरकारी केंद्रात आहे का, विचारून पाहा.

गोळ्यांचे मुख्य प्रकार दोन: आठवड्यातून एकदा, असे 12 डोस, किंवा रोज एक, सहा महिने. पहिला प्रकार दोन वर्षांवरच्यांना, पण गरोदर बाईला नाही. त्यात लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले तर मात्र गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरकडे जा. रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर घरच्यांच्या गोळ्याही वेगळ्या, हे आधीच सांगा.

राहिला आहार. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यातले नवे टीबी सुमारे 39 टक्क्यांनी घटले. एका टीबी गोल्डच्या पैशांत एका माणसाची आठ-दहा महिन्यांची अशी डाळ येते. माझं मत विचाराल तर पैसा तिथे घाला. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला हजार रुपये सरकारकडून मिळतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी पाचशे होते); बँक खातं जोडलंय ना, बघा.

आज सगळे निरोगी निघाले तरी पुढची दोन वर्षं धोका जास्त असतो. दोन आठवड्यांवर खोकला लांबला तर पुन्हा तपासा. शंका असेल तर निक्षय मदतवाहिनी 1800-11-6666, फोन मोफत.