महापालिकेच्या दारात

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात, तर बाहेर पडल्याबरोबर घाईने रस्ता ओलांडू नका. तेथेच थोडे थांबा आणि समोर पाहा. दोन मोठे रस्ते जेथे एकमेकांना मिळतात, त्या कोपऱ्यावर एक दगडी इमारत उभी आहे. तिच्या मधोमध घुमट आहे. मनोऱ्याची उंची २५५ फूट आहे. ही बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुख्य इमारत.

गेल्या पावसाळ्यात आम्ही नववीच्या मुलांची सहल येथे नेली होती. सर्व मुले माना वर करून मनोरा पाहत होती. तेवढ्यात एका मुलाने माझी बाही ओढली आणि हळूच विचारले, "सर, आपल्याला आत सोडतील ना?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले असते. २०२१ च्या जानेवारीपासून शनिवारी आणि रविवारी लोकांना माहितगाराबरोबर ही इमारत आतून दाखवण्याची सोय करण्यात आली होती, आणि आम्ही परवानगी आधीच काढली होती. पण मला त्या प्रश्नाचे नवल वाटले. ज्या कचेरीत शहराच्या पाण्याचा, दिव्यांचा आणि शाळांचा हिशेब होतो, तिच्या दारात लोकांना भीती का वाटावी? म्हणून मी मुलांना फाटकाजवळच उभे करून इमारतीची गोष्ट सांगितली.

१८८४ च्या डिसेंबर महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी या इमारतीचा पायाभरणीचा दगड बसवला. गावाचा कारभार गावच्या लोकांनी चालवावा, असे रिपन यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी १८८२ मध्ये एक ठरावही केला होता. इमारतीसाठी दोन आराखडे पुढे आले. एक चिझम यांचा हिंदी-इस्लामी वळणाचा, दुसरा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक पद्धतीचा. शेवटी स्टीव्हन्स यांचा आराखडा पसंत पडला. समोरचे रेल्वे स्थानकही त्यांनीच उभारले आहे. मला विचाराल, तर दुसरा आराखडा उभा राहिला असता तर कसा दिसला असता, हे पाहायला आवडले असते! असो. १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. दर्शनी भागावर पंख असलेली एक स्त्रीमूर्ती आहे. मुंबई हे 'हिंदुस्थानातील पहिले शहर', असा अभिमान ती मूर्ती दाखवते.

फाटकासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यामागे त्यांचे मोठे श्रम होते. त्यांच्या बरोबरीचे एक नाव तुम्ही ऐकलेले असेल : बद्रुद्दीन तय्यबजी. ते १८७३ मध्ये महापालिकेवर निवडून आले आणि पुढे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ज्या अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, तिच्या शाळेची इमारत येथून चालत काही मिनिटांवर आहे, आणि तीही १८९३ मध्येच उघडली. म्हणजे आपली उर्दू शाळा आणि शहराची महापालिका, दोघी एका वयाच्या शेजारणी!

आत गेल्यावर मुलांचे बोलणे आपोआप बंद झाले. रुंद जिना, वर घुमट, रंगीत काचांतून येणारा उजेड. सभागृहाचे छत कोरीव लाकडाचे आहे. शहराच्या २२७ प्रभागांतून निवडून येणारे नगरसेवक येथे बसतात. पण मुलांना खरी गंमत वाटली ती भिंतीवरच्या एका सूचनेची. "तक्रार नोंदवण्याची मुदत" हे शब्द वाचून एक मुलगी म्हणाली, "सर, येथे भांडणे नोंदवतात का?"

सगळे हसले. पण तिचे काय चुकले? उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. 'मुद्दत' म्हणजे उर्दूत काळ, अवधी. मराठीत मुदत म्हणजे ठरवून दिलेला काळ, आणि ती संपली की काम अडलेच! अर्ज, दाखला, नक्कल हे कचेरीतले शब्दही तुम्हांला परके वाटणार नाहीत. मात्र 'जकात' या शब्दाशी सांभाळून. आपल्याकडे जकात म्हणजे गरिबाला द्यायचा हक्काचा वाटा. मराठीत जकात म्हणजे शहरात माल आणताना नाक्यावर भरायचा कर. मुंबईत हा कर १ जुलै २०१७ पासून बंद झाला. शब्द मात्र जुन्या कागदांत राहिला.

इमारतीच्या मागच्या बाजूला आझाद मैदान आहे. या नावातले दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. हे मैदान ऋतूप्रमाणे रूप बदलते. पावसाळ्यात येथे कांगा लीगचे सामने होतात. ही स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली, आणि ओल्या खेळपट्टीवर फलंदाजाचा कस लागावा म्हणून ती मुद्दाम पावसात खेळतात. नवरात्रात येथे रामलीला रंगते. थंडीच्या दिवसांत इज्तिमासाठी मंडप पडतात. मग शालेय क्रिकेट. १९८८ च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी येथेच ६६४ धावांची अखंड भागीदारी केली.

याच मोकळ्या जागेत १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना उठावाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी देण्यात आले. १९३१ च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधींची प्रचंड सभा येथे भरली. आणि १२ मार्च २०१८ च्या पहाटे नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले हजारो शेतकरी येथे पोहोचले. कित्येकांच्या पायांना फोड आले होते. दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी मोर्चा रस्त्यावर असता, तर मुले केंद्रावर वेळेवर पोहोचली नसती. म्हणून त्यांनी रात्रभर न झोपता शेवटचे अंतर कापले.

हे सांगत असताना पाऊस सुरू झाला. मी मुले मोजू लागलो. एक कमी भरला. पाहतो तर फाटकाशी "आत सोडतील ना?" असे विचारणारा तो मुलगा कोणालाही न विचारता, चपला हातात घेऊन, चेंडू अडवायला चिखलात उतरला होता.

शब्दार्थ
घुमट – गुंबद. आराखडा – नक्शा. कचेरी – दफ्तर. उठाव – बगावत. प्रभाग – वॉर्ड.

स्वाध्याय
१. शेतकरी रात्रीच का चालले?
२. 'तक्रार' आणि 'जकात' हे शब्द एकदा मराठी अर्थाने व एकदा उर्दू अर्थाने वाक्यांत वापरा.
३. तुमच्या गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा. तेथील एक सूचना वहीत उतरवून आणा.