घटक ४ : व्यवसाय आणि व्यासंग



मागील घटकात आपण लेखकाचे जीवन आणि त्याचे लेखन यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला. प्रस्तुत घटकात त्याच प्रश्नाची एक वेगळी बाजू पाहावयाची आहे. एखाद्या क्षेत्रात कर्तृत्व सिद्ध केलेली व्यक्ती दुसऱ्याच एखाद्या विषयात मनापासून रमते आणि त्यात निर्मितीही करते, तेव्हा त्या निर्मितीचे मूल्यमापन आपण कसे करावे? आपणांपैकी बहुतेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून उरलेल्या वेळात मराठीचा अभ्यास करीत आहात. त्यामुळे हा प्रश्न आपणांस अगदीच परका वाटणार नाही.

प्रथम भाषा काय सांगते ते पाहू. मुख्य कामाहून वेगळ्या अशा आवडीसाठी मराठीत छंद, नाद, व्यासंग असे शब्द आहेत. 'छंद' हा शब्द आवड सुचवतो आणि काव्यातील वृत्तरचनाही; 'नाद' म्हणजे ध्वनी आणि वेडही. परंतु 'छंदीफंदी', 'नादी लागणे' हे प्रयोग पाहिले, की समाजाचा संशय लपत नाही. पोटापाण्याच्या कामाबाहेर जाणारा माणूस बिघडणार, असे जणू भाषेने गृहीतच धरले आहे. 'व्यासंग' या शब्दाला मात्र प्रतिष्ठा आहे. मुळात त्याचाही अर्थ चिकटून राहणे, आसक्ती असाच. तरी त्यातून चिकाटीचा, अभ्यासाचा अर्थ पुढे आला. छंद कोठे संपतो आणि व्यासंग कोठे सुरू होतो, हे ठरविणे सोपे नाही.

या संदर्भात डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण विस्ताराने पाहण्याजोगे आहे. केंब्रिज येथे फ्रेड हॉईल यांच्यासमवेत त्यांनी गुरुत्वाकर्षणाविषयी केलेले संशोधन १९६४ च्या सुमारास जगभर गाजले. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. हॉईल स्वतः कादंबरीकारही होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञान कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. म्हणजे संशोधकाने कथा लिहिणे यात काही वावगे नाही, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिले होते.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, पण स्वतःच्या नावाने नव्हे. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाईल, म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मगच लेखक कोण ते उघड झाले.

ही हकिकत गमतीची म्हणून सांगितली जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र तिच्याकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहावे. ख्यातनाम शास्त्रज्ञाची कथा म्हटल्यावर परीक्षकांपुढे दोन मोह असतात: नावाला दिपून पारितोषिक देणे, किंवा 'हे साहित्यिकाचे काम नव्हे' म्हणून कथा बाजूला सारणे. टोपणनावाने दोन्ही मोह एकदमच टळले. एका क्षेत्रातील कीर्ती दुसऱ्या क्षेत्रात पत म्हणून वापरण्यास येथे लेखकानेच नकार दिला आहे. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तके आली. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्यांच्या कथांत पात्रांपेक्षा कल्पना बलवान असते, हा आक्षेप प्रस्तुत लेखकास पुष्कळ अंशी मान्य आहे. पण तो आक्षेप कथेवर घ्यावा, कथाकाराच्या व्यवसायावर नव्हे.

इरावती कर्वे यांच्याबाबतीत दोन क्षेत्रांमधील भिंत इतकी उंच नाही. नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा, तर 'युगान्त' १९६७ चे. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे त्या ज्या नजरेने पाहतात, ती कुळे आणि नाती अभ्यासणाऱ्या मानवशास्त्रज्ञाचीच नजर आहे. येथे ललित लेखन हा मुख्य कामाचाच पुढचा पल्ला ठरतो.

याच्या उलट टोकाला दिनकर केळकर आहेत. घरचा धंदा चष्म्यांचा, कविता 'अज्ञातवासी' या नावाने, आणि जीव मात्र जुन्या वस्तूंत. अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्ये, दरवाजे. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते, त्या त्यांनी गावोगाव हिंडून जमविल्या. बालवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयास दिले आणि अखेरीस तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आज पुण्यात त्यांचे नाव घेतले, तर चष्मे कोणालाच आठवत नाहीत. कविताही फार थोड्यांना आठवते. दुसऱ्या आवडीने पहिल्या दोन्ही ओळखी गिळून टाकल्या. कवी म्हणून त्यांचे यात नुकसान झाले काय, याचे उत्तर त्यांच्या कविता वाचल्याखेरीज देऊ नये.

स्वयंअध्ययनासाठी : 'युगान्त'मधील कोणताही एक लेख आणि 'यक्षांची देणगी'मधील कोणतीही एक कथा निवडा. मुखपृष्ठ कागदाने झाकून, लेखक कोण हे न सांगता, घरातील किंवा कामावरील एखाद्या व्यक्तीस दोन्हींतील पहिली दोन पाने वाचून दाखवा. लिहिणाऱ्याचा व्यवसाय काय असावा, असे विचारा. मिळालेले उत्तर आणि ते कोणत्या शब्दांवरून सुचले, हे वहीत नोंदवा. संपर्कसत्रास येताना ती वही सोबत आणावी.