मामलेदारांना गोळी कोणाची लागली?

प्रश्न : चिरनेरच्या गोळीबाराची हकिकत आजोबा एक सांगत, जुन्या सरकारी कागदांत दुसरीच आढळते. खरी कोणती मानावी? – एक वाचक, उरण

उत्तर : 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरजवळ अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले, एवढ्यावर वाद नाही. वाद आहे तो आधी काय घडले, यावर. सरकार म्हणाले, कोयते-कुऱ्हाडी घेतलेला जमाव अंगावर आला. पण झाडे तोडून जंगल कायदा मोडायला निघालेला माणूस कोयता नेणार नाही तर काय नेणार? हत्यार हाती असणे आणि हल्ला करणे यांत फरक आहे.

खरी मेख त्याच गोळीबारात झालेल्या मामलेदार जोशींच्या मृत्यूत आहे. गावची हकिकत अशी, की त्यांनी गोळीबाराला नकार दिला आणि पोलिसाच्याच गोळीने ते पडले. गोळीबाराचा हुकूम दिला की नाही, हे ठामपणे सांगू शकणारा साक्षीदारच त्यात गेला. पुढे खटल्यात उभे केले गेले ते गावकरी. त्यांच्या बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

माझा कौल आजोबांकडे झुकतो, कारण सरकारी हकिकत लिहिणारा स्वतःच त्या प्रकरणातला पक्षकार होता. तरी आजोबांची आठवण, ती कोणाकडून ऐकली यासह, आजच लिहून ठेवा. दर 25 सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकापाशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. आता ती पोलीसच देतात.